जर्मनच्या ताटाचं पॅकिंग

गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५
सकाळी ६ वाजून १० मिनिटे
वैशाखरे, ता. मुरबाड

श्री. राघोकाका यांस साष्टांग नमस्कार.

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी गाडीच्या टाकीतला गंज जुन्या ओढणीतून गाळत होतो. दोनदा गाळून झाला, तिसऱ्यांदा गाळायचा आहे. हात साबणाने धुऊन कागद घेतला आहे, तरी कुठे डाग पडला असेल तर माफ करा.

मी मंगळू यांचा मुलगा भगीरथ. आमची गाडी तुमच्या ओळखीची आहे. लाल टाकीची टू-स्ट्रोक, १९९४ची. बाबा गेल्यापासून तीन वर्षं ती गोठ्यात उभी होती. दसऱ्याला मी ती बाहेर काढली, धुतली, हार घातला. पण कीक जागची हलत नाही. पाय ठेवून उभा राहिलो तरी नाही.

तुम्हाला आता ऐकू येत नाही असं आई म्हणाली, म्हणून फोन न करता लिहितो. प्रणित दुधाचा टेम्पो घेऊन सरळगाववरून किन्हवलीला येतो, तो पत्र देईल आणि उत्तरही आणेल.

घाई का आहे ते सांगतो. माझी बहीण काजल हिला मुरबाडला नर्सिंगच्या सहा महिन्यांच्या वर्गात जागा मिळाली आहे. ३ नोव्हेंबर, सोमवारपासून, रोज सकाळी साडेसातला हजेरी. आमच्या फाट्यावर पहिली एसटी येते आठ दहाला. तीन वेळा उशीर झाला की नाव कमी करतात. तो नियम मी चार वेळा वाचला. तिथे खोली घेऊन ठेवणं आम्हाला परवडणार नाही. गाडी चालू झाली तर मी तिला रोज सोडून येईन आणि दुपारी पोल्ट्रीवर कामाला जाईन. नाही झाली तर तिची जागा दुसऱ्या मुलीला जाईल.

मी नववीपर्यंत शिकलो. इंजिनाचं मला काही येत नाही, पण सांगितलेलं तसंच्या तसं करता येतं. जे काढतो त्याला चिठ्ठी बांधतो, ‘डावीकडचा, वरचा, लांब’ अशी. काजल म्हणते, "दादा, मला पण एक बांध. 'बहीण, नग एक, उलटी बसवू नये.'"

लहानपणी बाबांबरोबर तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावलं, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. मग म्हणालात, "बेरिंग नाय, रिंगा गेल्यात." उघडलं तर रिंगाच निघाल्या. तसं काम मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. म्हणून तुम्हालाच विचारतो.

आपला नम्र,
भगीरथ


शनिवार, ११ ऑक्टोबर
किन्हवली

चि. भगीरथास आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर बघून तुझी काकी सुंदरा हातवारे करून बोलली, हा कोण मास्तर तुमाला लिहितोय? मी बोललो, मास्तर नाय गो, मंगळूचा पोर. बापाला सही करायला पाच मिनिटं लागायची आन पोर बघ.

गाडी मेली नाय. पिस्टन गंजून चिकटलाय, एवढंच. प्लग काढ. प्लगच्या भोकातून अर्धा कप डिझेल आन अर्धा कप इंजिन ऑइल ओत. वर फडक्याचा बोळा लाव. आठ दिवस थांब. रोज कीक मारून बघू नको. तुझं पत्र वाचून मला कळलंय, तू बघशील. बघू नको. दांडा तुटंल.

आठ दिवसांनी गाडी चौथ्या गिअरात टाक आन मागचं चाक धरून पुढे-मागे झुलव. जोर नको. पाळण्यातलं पोर झुलवतात तसं. सुटंल.

कार्बोरेटर पेट्रोलने धू, त्याच्या बारीक भोकात तार घालू नको, हवा मार. क्लचची केबल नवी टाक. ट्यूब तीन वरसांत मेली असंल.

हेड तेवढं उघडू नको. बाकी सगळी गाडी खोल, धू, तिला चिठ्ठ्या बांध, काय करायचं ते कर. हेडला हात लावू नको.

काजलला सांग, काकाने विचारलंय, सुई टोचायला शिकली की पहिली दादाला टोच.

राघो


बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा
सकाळी ९ वाजून ४० मिनिटे

श्री. राघोकाका यांस सा. नमस्कार.

आधी चांगलं लिहितो. तुम्ही सांगितलं तसंच झालं. कीकला मी एकदाही हात लावला नाही, मात्र बोळा दोन वेळा काढून आत पाहिलं. १९ तारखेला सकाळी चाक झुलवायला घेतलं. पहिली वीस मिनिटं काही नाही. मग चिखलातून पाय निघताना येतो तसा आवाज आला आणि चाक फिरलं. आई भात झोडायचं सोडून धावत आली. "सुटला का रे?" म्हणाली आणि हसायला लागली. किन्हवलीत बसून, गाडी न पाहता, एका कागदावर तुम्ही हे सांगितलंत. ते पत्र मी पत्र्याच्या डब्यात ठेवलं आहे.

आता वाईट. मी हेड उघडलं.

मोबाइलवर एक माणूस सांगत होता की एवढी वर्षं उभ्या गाडीच्या हेडमधली काजळी साफ केलीच पाहिजे, नाहीतर रिंगा खराब होतात. मी दोन दिवस विचार केला. तुम्ही का नको म्हणालात ते लिहिलं नव्हतं, म्हणून मला वाटलं, मी नवखा आहे, मोडून ठेवीन अशी तुम्हाला काळजी असावी. म्हणून फार सांभाळून उघडलं. काजळी काढली, नव्या रिंगा टाकल्या.

हेड आणि सिलेंडरच्या मध्ये पॅकिंगच्या जागी कोणीतरी अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे आपण ज्याला जर्मन म्हणतो त्याची, एक जाड चकती बसवली होती. हाताने कापलेली, कडेला कानशीच्या रेघा. एका बाजूला ताटाला असते तशी नक्षीची पुसट रेघही होती. कोणाचा तरी जुगाड. ती मी काढली, मुरबाडहून या गाडीचं खरं पॅकिंग आणलं, पातळ, छापील पाकिटातलं, आणि ते बसवलं.

चौथ्या कीकला गाडी चालू झाली. पण ॲक्सिलरेटरचा पीळ वाढवला की आतून टक् टक् टक् असा आवाज येतो. मी लगेच बंद केली. तीन वेळा चालू केली, तिन्ही वेळा तसंच. आई म्हणाली, "उघडलीस ती उघडलीस, आता गप बसून राघोला इचार."

म्हणून विचारतो. चुकलो असेन तर रागवा, पण सांगा.

भगीरथ


गुरुवार, २३ ऑक्टोबर

भगीरथ,

नको बोललो होतो ना.

ती चकती कुठंय? टाकलीस का ठेवलीस?

आवाज नीट लिही. मला ऐकू येत नाय, तेव्हा कान तूच. गार असताना येतो का गरम झाल्यावर? पीळ कमी केला की जातो का? मग हेड आन सिलेंडर परत काढ, पिस्टनचा रॉड बोटांनी धरून वर-खाली ओढ. बाजूला हलला तर हलू दे, वर-खाली हलता कामा नये. पिस्टनचा माथा उजेडात धरून बघ आन जे दिसंल ते सगळं लिही. तुला बारीक लिहायची सवय हाय, ती आता कामाला येऊ दे.

राघो


शनिवार, २५ ऑक्टोबर
सकाळी ७ वाजता

श्री. राघोकाका यांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र येण्याआधीच, परवा, प्रणितच्या टेम्पोत घालून मी गाडी मुरबाडला एका गॅरेजात नेली होती. मिस्त्री चहा पीत होता. त्याने कप खाली न ठेवता ऐकलं आणि म्हणाला, "क्रँक गेला. चार हजार आठशे. दहा दिवस." म्हणजे ३ तारीख चुकणार आणि पैसेही नाहीत. आईने दोन बकऱ्या विकायचं ठरवलं आहे. सोमवारी सकाळी व्यापारी येणार आहे. काजल म्हणाली, "बकऱ्या नको गो आई, मी पुढच्या वरसाला शिकेन." त्यावर आई तिला म्हणाली, "पुढच्या वरसाला मी तुला पोळपाट देईन शिकायला." तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

आता तुम्ही विचारलेलं. आवाज गार असताना येत नाही असं नाही, पण बारीक येतो. पीळ सोडला की जवळजवळ जातो, वाढवला की वाढतो. बंद दारावर बोटातल्या अंगठीने वाजवावं तसा आहे. खालून येत नाही. मी तुमच्यासारखा स्क्रूड्रायव्हर दातांत धरून पाहिला. खाली लावला तर नुसती घरघर, वर हेडला लावला तर दात झणझणले.

हेड आणि सिलेंडर काढलं. रॉड वर-खाली अजिबात हलत नाही. बाजूला किंचित हलतो. पिस्टनच्या माथ्यावर मागच्या कडेला, नखाएवढी, चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण आहे. बाकी माथ्यावर तीन दिवसांची काळपट साय आहे, तिथे मात्र नाही. बरोबर वरच, हेडच्या आतही तशीच खूण आहे.

ती चकती मी भंगारवाल्याला दिली, फुटक्या टोपासोबत. बावीस रुपये आले.

तुम्ही क्रँक म्हणालात तर सोमवारी बकऱ्या जातील. तुम्ही जे म्हणाल ते मी करीन.

भगीरथ


रविवार, २६ ऑक्टोबर

चि. भगीरथास,

बकऱ्या विकू नको. पहिलं ते वाच. रॉड वर-खाली हलत नाय, म्हणजे क्रँक चांगला हाय. त्या मिस्त्रीकडे गाडी परत नेऊ नको. प्रणितला ओट्यावर बसवलाय, दुसरा चहा पाजलाय, तो मला घड्याळ दाखवतोय. दाखवू दे.

तुझा पिस्टन हेडला लागतोय. ती चंद्रकोर त्याचीच. का लागतो ते मला पहिल्या पत्रातच लिहायला पायजे होतं. मी नुसतं नको उघडू लिहिलं. कारण लिहिलं असतं तर सगळंच लिहावं लागलं असतं.

दोन हजार अकरा साली मंगळू गाडी घेऊन आला. हेडातून हवा गळत होती. मला भिवंडीला लग्नाला जायचं होतं. गरम इंजिनावरच एका बाजूचे दोन नट एका दमात आवळले. हेड वाकलं. शिकाऊ पोर करतं ती चूक. मग काचेवर पॉलिश पेपर टाकून हेड सपाट घासलं आन जास्त घासलं. गाडी दिली. दुसऱ्या दिवशी मंगळू परत आला, बोलला, "राघो, टक् टक् करतंय रे." मी चालू करून बघितली. मला काय ऐकू येईना. मी बोललो, "कुठं काय?" तो बोलला, "अरे, हे काय." त्या दिवशी मला कळलं की माझे कान चाललेत. कुणाला बोललो नाय. ज्या मिस्त्रीला ऐकू येत नाय त्याच्याकडे गाडी कोण आणील?

दोन दिवस बसून जर्मनचं ताट कापलं, त्याचं जाड पॅकिंग बनवलं, म्हणजे हेड वर उचललं जाईल. आवाज गेला हे मंगळूच्या तोंडाकडे बघून कळलं. त्याला बोललो, "नवीन हेड टाकलंय, सहाशे झाले." त्याने मोजून दिले. मी घेतले. तू ज्याला जुगाड बोलतोस तो माझा. तुला ठाऊक नव्हतं, तुझी चूक नाय.

आता कर. जर्मनचं ताट घे, स्टील नाय. छापील पॅकिंगवरून आखून काप. भोकं खिळ्याने पाडून गोल कानशीने मोठी कर. मग साबण चोळ आन चुलीवर धर. साबण काळा झाला की काढ, त्याहून जास्त नाय, वितळंल. त्याने जर्मन मऊ पडतं आन दाबून बसतं. बसवायच्या आधी तांदळाच्या पिठाची घट्ट गोळी तेल लावून पिस्टनच्या कडेवर ठेव, हेड आवळ, कीक हाताने हळू फिरव, परत उघड. गोळी रुपयाच्या नाण्याएवढी जाड राहिली पायजे. कागदासारखी झाली तर ताट पातळ. नट समोरासमोरचे, थोडे थोडे, चार फेऱ्यांत आवळ. माझ्यासारखं नको.

पाकिटात सहाशे हायत. तुझ्या आईला, लहानीला दे आन कशाचे ते सांग.

राघो


सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५
सकाळी ७ वाजून ५० मिनिटे
मुरबाड

श्री. राघोकाका यांस साष्टांग नमस्कार.

काजलच्या वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून लिहितो आहे. वाडीतून पाच पंचवीसला निघालो, कारण वाटेत काही झालं तर वेळ हाताशी असावा. काही झालं नाही. सहा वीसला पोचलो. वॉचमनने फाटकही उघडलं नव्हतं. काजल म्हणाली, "दादा, उद्या रात्रीच येऊन झोपू या का इथे?" सात अठ्ठावीसला ती आत गेली. गाडी माझ्यासमोर उभी आहे. पोचलो तेव्हा इंजिनाचं लोखंड गार होताना टिक टिक करत होतं. हा आवाज चांगला असतो हे मला आता माहीत आहे.

ताटाचं सांगतो. आईने तिचं एक ताट दिलं. ते मी बिघडवलं. तिसरं भोक अर्ध्या सुताने सरकलं आणि चारही नटांत ते बसेना. दुसरं ताट सरळगावला घेतलं. दुकानदार म्हणाला, "आता सगळे स्टील घेतात, जर्मन कशाला?" मी म्हटलं, "जेवायला नाही." शाळेची कंपासपेटी अजून घरात आहे, त्यातल्या कर्कटकाने वर्तुळ आखलं. कापायला आणि घासायला मला पुरे दोन दिवस लागले. बोटांना फोड आले. कड सरळ येता येत नाही. एका जागी घासावं तर दुसरी जागा उंच वाटते. तुम्ही कापलेल्या चकतीची कड मला आठवत होती. कानशीच्या रेघा सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या, एकही आडवी नाही. चौदा वर्षं इंजिनात राहूनही ती कुठे जळली नव्हती, तिच्यातून थेंबभर गळलं नव्हतं. हे सगळं मी तेव्हा पाहिलं होतं, आणि पाहूनही बावीस रुपयांत दिलं. माझी चकती तुमच्या चकतीसारखी झालेली नाही. पण चालते.

साबण काळा झाला तेव्हा आई म्हणाली, "आता काढ, भाकर जळंल." गोळी पहिल्या वेळेला रुपयापेक्षा थोडी पातळ आली असं मला वाटलं, म्हणून मी आणखी तीन वेळा करून पाहिलं. तिन्ही वेळा रुपयाएवढीच आली. नट चार फेऱ्यांऐवजी सहा फेऱ्यांत आवळले. दुसऱ्या कीकला गाडी चालू झाली. पूर्ण पीळ दिला. टक् नाही. काजलने कान लावला, आईने लावला, शेजारच्या बाईजाआजीलाही बोलावून ऐकवलं.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं, सगळं. ती सुपात तांदूळ पाखडत राहिली. बाबांना हे ठाऊक होतं का, असं मी विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं. ते सगळ्यांना सांगायचे की राघोने नवीन हेड असं बसवलंय की माळशेज चढताना गाडी हू का चू करत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून 'त्यांना ठाऊक होतं' असं मी आधी लिहिलं होतं. ते पान फाडलं. तुम्ही मला खरं लिहिलंत, त्याला खोटं उत्तर देता येत नाही. बकऱ्या घरी आहेत. व्यापारी आला तेव्हा आईने त्याला पाणी देऊन परत पाठवलं. त्या दिवशी तुम्ही प्रणितला थांबवून लिहिलं नसतं तर बकऱ्या गेल्या असत्या, क्रँकही बदलला गेला असता, आणि पातळ पॅकिंग आत असल्यामुळे टक् टक् तशीच राहिली असती. तुमच्या जागी मी असतो तर लिहिलं असतं का, याचा मी विचार केला. मला सांगता येत नाही.

सहाशे रुपयांबद्दल. आई म्हणाली, परत पाठव. काजल म्हणाली, ठेव, गाडीच्या विम्याला होतील. मी हिशोब मांडला. हवा गळत होती ती थांबवायची मजुरी तुमची होतीच. त्या वेळी मिस्त्रीची मजुरी दिवसाला अडीचशे होती असं प्रणितच्या वडिलांकडून कळलं. दोन दिवसांचे पाचशे. ताटाचे त्या वेळचे चाळीस. म्हणजे पाचशे चाळीस तुमच्या हक्काचे झाले. नवीन हेड टाकलं नव्हतं, तेव्हा वरचे साठ आमचे. ते साठ मी ठेवले आहेत. तुम्ही स्वतःहून किंमत काढून पाठवलीत. मी काहीच घेतलं नाही तर तुमचं पत्र नीट वाचलंच नाही असं होईल.

खर्च. रिंगा ३४०. छापील पॅकिंग, आखण्यापुरतं वापरलं, ६५. प्लग ९५. डिझेल व ऑइल १७०. पॉलिश पेपर ४०. जर्मनचं ताट ११०. ट्यूब २६०. क्लच केबल १२०. विमा ८४३. पीयूसी १००. पेट्रोल ३००. एकूण २,४४३.

जमा. भंगार २२. राघोकाकांकडून ६०. एकूण ८२.

देणे. प्रणित, टेम्पोचं भाडं, तो मागत नाही, मी २०० धरले आहेत.
राघो मिस्त्री, किन्हवली, मजुरी आणि सामान, ५४०. रविवारी, ९ तारखेला, याच गाडीवरून आणून देतो.

आपला,
भगीरथ